बार एकाचा, वाटे साऱ्यांचे

एक काळ असा होता की, दिवाळी अंक उघडला आणि त्यात शिकारकथा नाही, असे सहसा घडत नसे. फराळाच्या ताटात जशी चकली, तशी अंकात शिकारकथा! मचाणावरची रात्र, खाली बांधलेले रेडकू, पहाटेच्या सुमारास वाळक्या पानांवर वाजलेले पाऊल, आणि शेवटी बंदुकीचा बार. कथेच्या माथ्यावरचे छायाचित्रही ठरलेले असे: डोक्यावर हॅट घातलेले गृहस्थ ताठ उभे आहेत आणि त्यांचा एक पाय मेलेल्या वाघाच्या पाठीवर आहे. ज्यांनी जन्मात झुरळाखेरीज दुसरे काही मारले नाही, अशी आमच्यासारखी मंडळी या कथा मोठ्या चवीने वाचीत आणि मग आतल्या पानावरच्या राशिभविष्याकडे वळत.

आज अंकांतून वाघ नाहीसा झालेला नाही, पण बंदूक नाहीशी झाली आहे. तिच्या जागी कॅमेरा आला आहे. मात्र याचा अर्थ शिकारीचा प्रश्न मिटला असा कोणी करून घेऊ नये. खात्री करून घ्यायची असेल तर यंदा फराळाला जमलेल्या मंडळींत हा विषय सहज काढून पाहा. तासाभरात चहा निवून जाईल आणि मंडळी तापलेली असतील! एक म्हणेल, मुक्या जिवाला मारणे हे पापच. दुसरा म्हणेल, मग काल कोंबडी कशी चालली? तिसरा आपल्या आजोबांच्या बंदुकीची गोष्ट सांगू लागेल. चौथा ‘कायदा काय म्हणतो’ ते सांगेल, आणि बहुधा चुकीचे सांगेल.

मी या वादात बराच काळ श्रोता म्हणून बसलो आहे, कारण आमच्या एकाच घरात ही सारी मते एका छपराखाली नांदत होती. आमचे मूळ घर दक्षिण कोकणातले, सह्याद्रीच्या पायथ्याशी. घरामागे बागायत, बागायतीमागे भाताचे कुणगे आणि कुणग्यांच्या पलीकडे लगेच रान. १९६० च्या आगेमागे, मी दहा वर्षांचा असताना, तिथे मी जे पाहिले त्यावरून माझा एक आडाखा बसला आहे. शिकारीच्या बाबतीत माणसांच्या चार पंगती असतात. मारून खाणाऱ्यांची पहिली, मारून न खाणाऱ्यांची दुसरी, न मारता खाणाऱ्यांची तिसरी, आणि मारतही नाहीत व खातही नाहीत अशांची चौथी. तुम्ही कोणत्या पंगतीत बसता, हे वाचता वाचता ठरवा.

पहिली पंगत

पहिल्या पंगतीत आमचे थोरले काका. त्यांच्याजवळ ठासणीची एक बंदूक होती. शेतीसंरक्षणाचा परवाना होता. दसऱ्यानंतर भात पोटरीतून बाहेर येऊन पिवळे पडू लागले, की रानडुकरांचे कळप रात्री कुणग्यात उतरत. डुक्कर भात खाते त्याच्या कितीतरी पट तुडवते आणि उकरते. सकाळी शेतावर गेले, तर एका रात्रीत गाढवाचा नांगर फिरल्यासारखी दशा! मग गावात हाका ठरे. पंधरावीस माणसे, चारपाच बंदुका आणि गावातले सगळे बेवारशी कुत्रे. हाकारे डबे वाजवीत, आरोळ्या देत रान काढीत येत आणि बंदूकवाले जनावराच्या पायवाटा धरून बसत.

डुक्कर पडले की ते बांबूला बांधून आमच्या खळ्यात आणीत. पेंढ्याच्या जाळावर त्याचे केस भाजायचे, कातडी खरवडून काढायची, आणि मग केळीची पाने मांडून त्यांवर वाटे घालायचे. हा वाट्यांचा हिशेब मोठा पाहण्यासारखा असे. ज्याच्या बाराने जनावर पडले त्याला मान म्हणून जादा वाटा. हाकाऱ्यांना सारखे वाटे, मग तो पाटलाचा मुलगा असो की कोणाच्या घरचा गडी. देवाचा एक वाटा. ज्या घरात पुरुषमाणूस नाही, त्या घरीही एक पान जाई. माझ्या आठवणीत त्या पानासाठी कोणाला मागावे लागले नाही, आणि देणाऱ्यानेही उपकार केल्याचा आव आणला नाही. बार एकाचा, वाटे साऱ्यांचे, असा तो सरळ व्यवहार होता.

काकांचे काही नियम होते. पिल्ले पायांत घेऊन चाललेल्या मादीवर बार टाकायचा नाही. पाण्यावर आलेल्या जनावराला मारायचे नाही. आणि जखमी झालेले जनावर रानात सोडून घरी यायचे नाही. एकदा त्यांच्या बाराने भेकर जखमी होऊन निसटले. बाकीची मंडळी अंधार पडल्यावर परतली. काका बत्ती घेऊन रक्ताच्या मागावर गेले ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. भेकर सापडले होते, पण काकांच्या आधी ते कोल्ह्यांना सापडले होते. काका विहिरीवर आंघोळ करून आले, न बोलता पेज प्यायले आणि त्या हंगामात त्यांनी बंदूक खुंटीवरून काढली नाही. मी कारण विचारले तेव्हा एवढेच म्हणाले, “खातलंय तर मारलंय. आता हेका काय म्हणूचा?” खाण्यासाठी मारले तर त्याला काही नाव आहे, हे जे झाले त्याला काय म्हणायचे, हा त्यांचा प्रश्न होता. शिकारीवर मी पुढे पुष्कळ वाचले, पण याहून नेमका प्रश्न मला कुठे आढळला नाही.

दुसरी पंगत

दुसऱ्या पंगतीतले एक गृहस्थ वर्षातून एकदा आमच्याकडे येत. वडिलांचे स्नेही, शहरात वकिली करणारे, शाकाहारी, आणि बंदुकीचे भलतेच शोकी. विलायती दुनळी बंदूक, कातडी पिशवी, गुडघ्यापर्यंतचे बूट. नेम असा की, उडता होला खाली यावा. पण पडलेल्या पाखराला ते हातसुद्धा लावीत नसत. “मला शिकारीचा आनंद हवा, मांस नको,” असे ते अभिमानाने सांगत. त्यांच्या मते खाण्यासाठी मारणे हे पोटार्थी काम, आणि खेळ म्हणून मारणे हे वीराचे. काकांचे मत याच्या नेमके उलट! दोघेही एकमेकांना मनातून अडाणी समजत आणि वरून अतिशय आदराने वागत.

या पंगतीचा इतिहास मोठा आहे. वाघ कोणी खात नाही. तो मारला जाई तो कातड्यासाठी, छायाचित्रासाठी आणि आकड्यासाठी. मध्य भारतातल्या सुरगुजा संस्थानच्या महाराजांच्या नावावर हजाराहून अधिक वाघ मांडलेले आहेत. शेजारच्या कोरिया संस्थानच्या राजांनी १९४७ च्या सुमारास एका रात्री तीन चित्ते मारले. हिंदुस्थानातल्या चित्त्यांची ती अखेरची खात्रीची नोंद ठरली आणि १९५२ मध्ये चित्ता देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. आमच्या कोल्हापूर संस्थानात तर चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करण्याचा मोठा शोक होता, आणि देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणविले जात. ज्या जनावराच्या मदतीने शिकार करायची, तेच जनावर परदेशातून विकत आणावे लागावे, एवढे सांगितले तरी पुरे.

मात्र याच पंगतीतून काही माणसे उठली आणि रानाची राखणदार झाली, हेही सांगितले पाहिजे. जिम कॉर्बेटने १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी सांगितले जातात. पुढे त्याच कॉर्बेटला बंदुकीपेक्षा कॅमेऱ्याने घेतलेला वाघ अधिक मोलाचा वाटू लागला. १९३६ साली कुमाऊंच्या पायथ्याशी देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, त्याला पुढे त्याचेच नाव मिळाले. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांनी बंदूक घेऊन माळ तुडवला, आणि नंतर दुर्बीण व पेन्सिल घेऊन नागझिऱ्याच्या रानात मुक्काम केला. तिथल्या वानरांवरच्या ‘सत्तांतर’ला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नेम धरण्यासाठी जी नजर लागते, तीच नजर पाहण्यासाठीही लागते. फरक बोटाचा असतो.

तिसरी पंगत

तिसरी पंगत सर्वांत मोठी, आणि तिच्यात माझे वडील बसत. वडील शाळामास्तर. बंदुकीचा आवाज झाला की ते दचकत. खळ्यात डुक्कर कापले जात असताना ते पुढच्या पडवीत मुलांच्या वह्या तपासत बसत. पण रात्री पान मांडले की त्यांची भाकरी सगळ्यांत शेवटी संपे. भाजलेल्या खोबऱ्याकांद्याचे वाटप लावलेला तो रस्सा, त्यावर चरबीचा तवंग, आणि तांदळाची गरम भाकरी. रानातले मांस चिवट. पाळलेल्या जनावराच्या मांसासारखे ते चटकन शिजत नाही. परसातल्या तीन दगडांच्या चुलीवर ते तासन् तास रटरटत असे आणि घरात अभ्यास करणे अशक्य होई.

वडिलांना काका थट्टेने म्हणत, “मास्तर, पाप माजा आणि रस्सो तुमचो!” वडील हसून दुसरी भाकरी मागत. आज शहरात राहणाऱ्या बहुतेक मांसाहारी घरांची स्थिती वडिलांसारखीच आहे. कोंबडी दुकानातून पिशवीत येते, तिला डोळे नसतात, पाय नसतात, आवाज नसतो. आपण तिला कधी भेटलेलो नसतो. याच घरात सशाच्या शिकारीची गोष्ट निघाली तर ‘अगं बाई, बिचारा!’ असे उद्गार निघतात. मी यात कोणाला दोष देत नाही. मी स्वतः याच पंगतीतला आहे. पण पिंजऱ्यात जन्मून पिंजऱ्यातच वाढलेल्या जिवाबद्दल ‘बिचारा’ म्हणायचे नाही आणि मोकळ्या रानात जगलेल्या जिवाबद्दल मात्र म्हणायचे, हा हिशेब जरा तपासून पाहण्यासारखा आहे खरा.

या पंगतीतला एक पोरगा मात्र ताटावरून उठून फार दूर गेला. मुंबईच्या खेतवाडीत वाढणाऱ्या या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! हे पाखरू आपल्या धर्माप्रमाणे खायला चालते की नाही, अशी त्याला शंका आली. त्याने ते शिकारी मामांना दाखविले, आणि मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत धाडले. १८८३ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत मिलार्ड नावाच्या साहेबाने कपाटे उघडून त्याला भुसा भरलेल्या पक्ष्यांचे भांडार दाखविले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. हे खावे की खाऊ नये, एवढ्या प्रश्नातून देशाला त्याचा सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. आपल्या १९८५ साली निघालेल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी त्या चिमणीचे पडणे ठेवले आहे.

चौथी पंगत

चौथ्या पंगतीत आमची आजी. ती माळकरी होती. गळ्यात तुळशीची माळ पडल्यापासून तिने मासळीसुद्धा सोडली होती, आणि कोकणात मासळी सोडणे म्हणजे काय ते कोकणातल्या माणसालाच कळेल. शिकारीच्या दिवशी तिची चूल वेगळी, तवा वेगळा. मांसाची भांडी घरात येत नसत, ती परसातच घासून पालथी घालायची. पण तिने कधी कोणाला ‘खाऊ नका’ म्हटले नाही. मी एकदा तिला विचारले, “आजी, काका पाप करतात का गं?” ती वाल सोलीत होती. म्हणाली, “भूक तुमची, जीव तेचो. माका मधी घेव नकात.” आणि वाट्यांच्या वेळी मागच्या दाराशी उभी राहून, ‘त्या घराक पान पोचला काय?’ हे विचारायला मात्र ती चुकत नसे.

आजीची पंगत फार जुनी आहे. सम्राट अशोकाने पहिल्या शिलालेखात कबुली दिली आहे की, पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात रोज लाखो प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरिण एवढेच मारतात, हरिणही नेहमी नाही, आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत. आठव्या लेखात तो म्हणतो की, पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, आपण त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केल्या. मौजेची गोष्ट अशी की, या आठव्या लेखाचाच एक तुकडा १८८२ साली आपल्या नालासोपाऱ्यात सापडला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तो आहे. मुलांना घेऊन कधी गेलात तर जरूर पाहा. शिकार सोडल्याचे एका राजाचे ते जाहीर पत्रक आहे.

पण सगळ्यांनीच अशोकाचे ऐकले असे नव्हे. कौटिल्याने मृगया हे व्यसन म्हणून गणले खरे, पण जुगार आणि मृगया यांत जुगारच अधिक वाईट असे ठरविले. मृगयेने निदान व्यायाम होतो, चरबी झडते, हलत्या लक्ष्यावर नेम बसतो आणि भ्यालेल्या व चिडलेल्या जनावराचे मन कळते, असे त्याचे म्हणणे. त्याच कौटिल्याने अभयवनातल्या प्राण्यांना मारणाऱ्यास दंडही सांगितला आहे. कालिदासाने शाकुंतलात सेनापतीकडून मृगयेची स्तुती करविली, विदूषकाकडून तिला शिव्या घालविल्या, आणि त्याआधीच आश्रमाच्या हरिणावर रोखलेला दुष्यंताचा बाण एका तापसाकडून थांबविला. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त शिकारीच्या तऱ्हांचे सविस्तर वर्णन केले, आणि त्याच ग्रंथात डुकराचे, हरणाचे, इतकेच काय पण शेतातल्या उंदरांचेही पदार्थ कसे रांधावे तेही सांगितले! तेव्हा ‘आपली संस्कृती अमुकच सांगते’ असे जो कोणी फराळाच्या ताटावर ठासून सांगेल, त्याला आणखी एक लाडू द्यावा आणि गप्प बसवावे.

पंगतीबाहेरचा माणूस

या चारही पंगतींबाहेर एक माणूस असे: पारधी. देशावरच्या माळावर फासे लावून तितर, लावे, ससे धरणारा आणि बाजारच्या दिवशी विकणारा. त्याला शिकारीचा शोक नव्हता, तो त्याचा धंदा होता. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने देशातल्या अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारण्याची सोय केली. त्या शिक्क्यातून फासेपारधीही सुटले नाहीत. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. पुढे वीस वर्षांनी वन्यजीव कायदा आला आणि त्याची विद्याच गुन्हा ठरली. हौसेने मारणाऱ्याची हौस गेली, याचे पोट गेले. रानाची जेवढी माहिती या माणसाला होती, तेवढी थोरल्या बंदूकवाल्यांना नव्हती. ती माहिती राखणीच्या कामाला लावण्याचे प्रयत्न काही ठिकाणी झाले, पण जितके व्हायला हवे होते तितके झाले नाहीत.

बंदी कशासाठी आली?

शिकारबंदीचा कायदा १९७२ चा. त्याआधीही मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा होता, परवाने होते, नियम होते. पण नियम पाळणारे काकांसारखे पायी हिंडणारे लोक; आणि दुसरीकडे युद्धानंतर स्वस्त झालेल्या जीपगाड्या, झगझगीत दिवे आणि नव्या बंदुका. दिव्याच्या झोतात डोळे दिपून उभ्या राहिलेल्या चितळावर गाडीतून बार काढायला नेमही लागत नाही आणि पायही लागत नाहीत. रान आटत गेले, शेती वाढत गेली, धरणे झाली. माळावरचा माळढोक मांसासाठी नावाजलेला होता. आज सबंध देशात तो दीडशेही उरलेला नाही. १९७२ च्या गणतीत वाघ १८२७ निघाले. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्यात आपले मेळघाट पहिल्यापासून आहे. २०२२ च्या गणतीत देशात किमान ३१६७ वाघ असल्याचे जाहीर झाले. बंदी नसती तर हा दुसरा आकडा लिहायला मिळाला असता, असे मला वाटत नाही.

सुरुवातीला कायद्यात लहानसहान शिकारीचे परवाने शिल्लक होते. १९९१ च्या दुरुस्तीने तेही गेले. आज ससा मारला तरी गुन्हा, आणि घोरपडीचे मांस घरात सापडले तरी गुन्हा. काकांनी बंदूक त्याआधीच बंद केली होती. परवाना मात्र त्यांनी अखेरपर्यंत राखला. निवडणूक आली की ती गंजकी नळी खांद्याला लावून पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निवडणूक संपली की परत आणायची, एवढेच तिचे काम उरले होते.

मग आता वाद कसला?

वाद आहे, आणि तो आमच्याच घरात आहे. काकांचा नातू, म्हणजे माझा पुतण्या, गावी तीच शेती करतो. माझा नातू पुण्यात शाळेत शिकतो आणि शाळेच्या निसर्गमंडळात आहे. गेल्या दिवाळीत आम्ही सारे गावी जमलो. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री डुकरे कुणग्यात उतरली आणि कापणीला आलेले भात आडवे झाले. सकाळी पुतण्या बांधावर नुसता उभा होता. माझा नातू त्याला समजावू लागला की, रान कमी झाल्यामुळे प्राणी शेतात येतात, त्यांचा दोष नाही. पुतण्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मला म्हणाला, “काका, एक काम करतंय. डुकरां पुण्याक पाठवून देतंय. तुमच्या सोसायटीत पाळा.”

आम्ही हसलो, पण त्यात हसण्यासारखे काही नव्हते. त्याने आदल्या वर्षी भरपाईचा अर्ज केला होता. पंचनामा झाला, कागद झाले, चार खेपा झाल्या. हातात आलेली रक्कम बियाण्याच्याही खर्चाची नव्हती. गावात कोणी कोणी आता कुंपणाला तारेच्या फासक्या लावतात. फासकी डुक्कर ओळखत नाही. कोकणात अशा फासक्यांत बिबटे अडकून मेले आहेत. कोणी कुंपणात विजेचा प्रवाह सोडतात, त्यात माणसे गेली आहेत. “मी तसला काय करूचंय नाय,” पुतण्या म्हणाला, “पण किती वर्सां नाय करूचंय, ता माका इचारू नकात.”

कायद्यात वाट अजिबात नाही असे नाही. पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकराला मारण्याची परवानगी अधिकारी देऊ शकतो. २०१५-१६ साली केंद्र सरकारने बिहार आणि उत्तराखंडाच्या काही भागांत रानडुकराला ठरावीक मुदतीपुरते उपद्रवी ठरविले होते. पण असे परवानगीने मारलेले डुक्करही कायद्याने सरकारच्या मालकीचे. ते शेतकऱ्याने खायचे नाही. माझा नातू म्हणतो, हे बरोबरच आहे. मांसाची वाट मोकळी केली तर उद्या भात न खाणारी डुकरेही उपद्रवी ठरतील. पुतण्या म्हणतो, ज्याने माझे भात खाल्ले तो मातीत पुरायचा आणि मी बाजारातून कोंबडी आणायची, हा कुठला न्याय? मी दोघांचेही ऐकले. दोघांचेही मला पटते, आणि एकदम दोन्ही खरे असणे ही मोठी गैरसोयीची गोष्ट आहे.

तरी माझे मत विचाराल तर सांगतो. बंदी उठू नये. काकांसारखे नियमाने चालणारे शिकारी गावात एखाद्दुसरे होते. मोकळीक मिळाली तर ती जीपवाल्यांना मिळेल, काकांना नव्हे. रानातले मांस माझ्या जिभेला अजून आठवते, पण जिभेच्या आठवणीसाठी कायदे बदलायचे नसतात. खायचे त्याने काय खातो ते जाणून खावे, न खायचे त्याने दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये. आजीएवढा शहाणपणा आपल्याला साधला तरी घरातले निम्मे वाद मिटतील.

पण उरलेले निम्मे आपल्या खिशाशी आहेत. डुक्कर पडे तेव्हा त्याचे वाटे गावभर जात, कोणी वगळला जात नसे. आज डुक्कर जगते. ते जगावे असे आपण साऱ्यांनी मिळून ठरविले आहे, आणि चांगलेच ठरविले आहे. मात्र त्याच्या जगण्याचा खर्च एका कुणग्याचा मालक एकटा भरतो. पुण्य साऱ्यांचे आणि नुकसान एकाचे, हे वाटे काही बरोबर पडलेले नाहीत. भरपाई वेळेवर आणि पुरती मिळायला हवी, चांगली कुंपणे सरकारी खर्चाने व्हायला हवीत, आणि त्यासाठी लागणारा पैसा शहरातल्या करांतून जातो म्हणून आपण कुरकुर करता कामा नये. रानात डुक्कर आहे, बिबट्या आहे, याचा आनंद आपण दिवाणखान्यात बसून घेतो. मग खळ्यातल्या त्या केळीच्या पानांप्रमाणे खर्चाचेही एक पान आपल्या दाराशी यायला हवे, आणि ते आले की आपण दार लावून घेता कामा नये.